पेसमेकरचा कान

पेसमेकर तपासताना डॉक्टर पेशंटला कधी कधी एक साधी गोष्ट करायला सांगतात. दोन्ही हात छातीसमोर जोडा आणि तळवे एकमेकांवर जोराने दाबून धरा. म्हणजे नमस्कारच, पण ताकद लावून केलेला. समोर पडद्यावर ईसीजीची रेघ सरकत असते. पेसमेकर जुन्या धाटणीचा, एकध्रुवी असेल तर या नमस्कारासरशी त्याचे ठोके रेघेवरून नाहीसे होऊ शकतात. हात सैल सोडले की ते परत उमटू लागतात.

यंत्र बिघडलेलं नसतं. छातीचे स्नायू आवळले की त्यांच्यात बारीक वीज खेळते. पेसमेकरला ती ऐकू येते आणि वाटतं, हृदयाने आपलं आपण ठोका दिला, आता आपलं काम नाही. म्हणून तो गप्प बसतो. ज्याचं हृदय पूर्णपणे पेसमेकरवर अवलंबून आहे, त्याला एवढ्या गप्प बसण्यानेही भोवळ येऊ शकते.

माणसाचे स्वतःचे स्नायू जर पेसमेकरला फसवू शकतात, तर त्याच शरीरात दुसरं एक विजेचं यंत्र बसवलं आणि ते दर सेकंदाला पन्नास, शंभर, दीडशे ठोके देत राहिलं, तर काय होईल? गेल्या तीसेक वर्षांत हा प्रश्न हजारो घरांपर्यंत पोचला आहे. कंपवात, मिरगी, कशालाही दाद न देणारी पाठदुखी, लघवीवरचा सुटलेला ताबा, अशा कितीतरी दुखण्यांवर आता नसांना किंवा मेंदूला वीज देणारी यंत्रं शरीरात बसवतात. त्यांना नर्व्ह स्टिम्युलेटर म्हणतात. ही दुखणी बरीचशी उतारवयातली, आणि पेसमेकरची गरजही त्याच वयात लागते. दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला येणं ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही.

पहिला पेसमेकर मात्र ठार बहिरा होता. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोमजवळच्या कारोलिन्स्का रुग्णालयात शल्यचिकित्सक ओके सेनिंग यांनी तो आर्ने लार्सन नावाच्या ४३ वर्षांच्या माणसाच्या शरीरात बसवला. लार्सनचं हृदय दिवसातून अनेकदा थबकायचं आणि तो कोसळायचा. त्याच्या पत्नीने सेनिंग आणि अभियंता रुने एल्मक्विस्ट या दोघांमागे तगादा लावला होता, की असं यंत्र बनवाच. एल्मक्विस्टने सर्किट बुटाच्या पॉलिशच्या डबीच्या आकारात रेझिनमध्ये ओतून घट्ट केलं. पहिलं यंत्र काही तासांत बंद पडलं, मग दुसरं बसवलं. लार्सनने पुढे आयुष्यभरात २६ पेसमेकर वापरले आणि २००१ साली, ८६ व्या वर्षी, कर्करोगाने तो गेला. ज्यांनी त्याला वाचवलं ते सेनिंग आणि एल्मक्विस्ट दोघेही त्याच्या आधी गेले होते.

ते सुरुवातीचं यंत्र एकच काम करायचं: ठरलेल्या गतीने ठोका देणं. हृदय स्वतः चालतंय की थांबलंय, हे त्याला कळत नसे. आणि त्यातच धोका होता. प्रत्येक ठोक्यानंतर हृदय सावरत असतं, तेव्हा एक अगदी नाजूक क्षण येतो. नेमका त्या क्षणी बाहेरचा ठोका पडला तर हृदय लय सोडून नुसतं थरथरू लागतं, आणि त्या थरथरीत रक्त पुढे ढकललं जात नाही. म्हणून १९६० च्या दशकाच्या मध्यावर बारूह बर्कोविट्स या अभियंत्याने 'डिमांड' पेसमेकर तयार केला. हा आधी ऐकतो. हृदयाचा ठोका ऐकू आला तर थांबतो, आला नाही तरच आपला देतो.

हृदयरोगशास्त्रातली ही मोठी मजल होती. पण ऐकायला कान आला की नको ते कानावर पडणंही आलं. मायक्रोवेव्ह ओव्हन, मोटारीचं इग्निशन, वेल्डिंगचं यंत्र यांपासून पेसमेकरवाल्यांनी दूर राहावं, ही भीती त्या काळातली आहे. मायक्रोवेव्हबद्दलची भीती अनेक घरांत अजून टिकून आहे, पण आजच्या पेसमेकरच्या बाबतीत तिला आधार उरलेला नाही. मधल्या काळात यंत्रावर टायटॅनियमचं बंद कवच आलं, आत गाळण्या आल्या, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे द्विध्रुवी तार आली.

हा द्विध्रुवी प्रकार नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. जुन्या एकध्रुवी पेसमेकरमध्ये एक टोक हृदयात आणि दुसरं टोक म्हणजे खुद्द छातीतली डबी. दोहोंमध्ये वीतभर अंतर. एवढी लांब ॲंटेना म्हटल्यावर मधल्या स्नायूंतलीही वीज तिच्यात शिरते. वरच्या नमस्काराचं कोडं हेच. द्विध्रुवी तारेत दोन्ही टोकं हृदयातच, एकमेकांपासून एक-दोन सेंटीमीटरवर असतात, आणि यंत्र दोहोंमधला फरक मोजतं. दूरच्या देवळातली घंटा दोन्ही कानांना सारखीच ऐकू येते, कानाशी कुजबुजलेलं मात्र एकाच कानाला. लांबून आलेली वीज दोन्ही टोकांशी जवळपास सारखीच पोचते, म्हणून फरक काढताना ती वजा होऊन जाते. हृदयाची स्वतःची वीज तेवढी उरते.

नसांना वीज देणाऱ्या यंत्रांचा वंश याच घराण्यातला आहे. १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं की वेदनेचा निरोप मज्जारज्जूतल्या एका फाटकातून मेंदूकडे जातो आणि ते फाटक काही अंशी बंद करता येतं. दोनच वर्षांनी, १९६७ मध्ये, अमेरिकेत क्लीव्हलँडला नॉर्मन शीली यांनी कर्करोगाच्या वेदनेने पिडलेल्या एका रुग्णाच्या मज्जारज्जूवर इलेक्ट्रोड बसवून ते करून पाहिलं. पुढे पेसमेकरच्याच धर्तीवर, बॅटरी आत असलेली, सीलबंद डबीची यंत्रं निघाली. १९८७ मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोबल इथे ॲलिम-लुई बेनाबिद यांना मेंदूच्या एका शस्त्रक्रियेत दिसलं की वेगवान वीज दिली की हाताचा कंप तिथल्या तिथे थांबतो. डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजेच डीबीएस, तिथून सुरू झालं. मुंबईत ही शस्त्रक्रिया १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून होते आहे.

डीबीएसला बोलीत 'मेंदूचा पेसमेकर' म्हणतात. नाव समजायला सोपं आहे, पण ते घोटाळा करतं. डीबीएसची डबीही बहुतेकदा गळपट्टीच्या हाडाखाली, छातीच्या कातडीत असते. तसाच उंचवटा, तसाच व्रण. पेशंट सांगतो, "मला पेसमेकर आहे", आणि ऐकणारा हृदयाचा समजतो. एक्स-रे काढला की लगेच उलगडा होतो: तार खाली हृदयाकडे गेली आहे की वर मानेतून डोक्याकडे. पण अपघात विभागात रात्री दोन वाजता एक्स-रेपर्यंत जाण्याआधी निर्णय घ्यावे लागतात. कागदोपत्री आणि घरी बोलतानाही दोन यंत्रांना दोन वेगळी नावं असावीत, हा आग्रह म्हणूनच धरायला हवा.

आता आकड्यांकडे पाहू. हृदयाच्या आतून पेसमेकरला जी वीज ऐकू येते ती काही मिलिव्होल्टची. व्हेंट्रिकल या खालच्या कप्प्यातला पेसमेकरचा कान साधारण दोन-अडीच मिलिव्होल्टच्या आसपास लावलेला असतो, वरच्या कप्प्यातला त्याहून बराच तिखट. नर्व्ह स्टिम्युलेटर वीज देतो ती व्होल्टमध्ये, म्हणजे उगमाशी हजारपट मोठी. अंतर आणि शरीरातली मांस-हाडं ती झपाट्याने मंद करतात, पण पुसून टाकत नाहीत. वेगही वेगवेगळे. डीबीएस सहसा सेकंदाला १३० च्या आसपास ठोके देतो. मज्जारज्जूचं पारंपरिक यंत्र पन्नासच्या जवळपास, आणि अलीकडचं एक तंत्र तर सेकंदाला १०,००० ठोक्यांवर चालतं. व्हेगस नसेचं यंत्र वीस-तीसच्या वेगाने अर्धा मिनिट चालतं आणि मग काही मिनिटं विसावा घेतं.

यांतला कुठला वेग पेसमेकरला जास्त त्रासदायक? सहज वाटतं, सर्वांत वेगवान. प्रत्यक्षात बरंचसं उलटं आहे. सेकंदाला १३० वेळा हृदय धडधडू शकत नाही, हे पेसमेकर बनवणाऱ्यांना ठाऊक असतं. म्हणून यंत्राला शिकवलेलं असतं: अशक्य वेगाने सतत काही ऐकू येत असेल तर तो गोंगाट समज, ऐकणं सोडून दे आणि ठरलेल्या गतीने ठोके देत राहा. गोंगाटात सापडलेला पेसमेकर काही वेळापुरता पुन्हा लार्सनच्या पेसमेकरसारखा बहिरा होतो, आणि पेशंट शुद्धीवर राहतो. खरी फसगत होते ती धिम्या किंवा थांबत-थांबत येणाऱ्या ठोक्यांनी, कारण ते हृदयाच्या ठोक्यांसारखे भासू शकतात.

अनुभव काय सांगतो? तो बराच दिलासा देणारा आहे. युरोपात, विशेषतः स्वीडनमध्ये, औषधाला किंवा शस्त्रक्रियेला दाद न देणाऱ्या छातीतल्या कळांवर मज्जारज्जूचं स्टिम्युलेशन वर्षानुवर्षं वापरलं गेलं. हे सगळे हृदयाचेच पेशंट, त्यामुळे त्यांच्यातल्या काहींना पेसमेकर असणारच. स्वीडिश डॉक्टरांनी अशा पेशंटना मुद्दाम बोलावून, यंत्राची वीज वाढवून तपासलं आणि २००३ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध केले: दोन्ही यंत्रं द्विध्रुवी पद्धतीने लावलेली असतील आणि प्रत्येक पेशंटची आधी नीट चाचणी घेतलेली असेल, तर ती एकत्र नांदू शकतात. डीबीएस आणि पेसमेकरच्या जोडीबद्दलही जगभरातून अशाच नोंदी आहेत. तरीही स्टिम्युलेटरच्या माहितीपत्रकात पेसमेकरविषयीचा इशारा आजही छापलेला असतो, आणि तो असावाच. या दिलाशातला 'आधी नीट चाचणी' हा भाग वगळला तर मागे काहीच उरत नाही.

आयसीडी या हृदयाच्याच दुसऱ्या एका यंत्राचं प्रकरण याहून गंभीर आहे. पोलंडमध्ये जन्मलेले मिशेल मिरोव्स्की यांच्या चिकाटीतून हे यंत्र घडलं आणि फेब्रुवारी १९८० मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये पहिल्यांदा माणसाच्या शरीरात बसवलं गेलं. हृदय जीवघेण्या वेगाने थरथरू लागलं की ते आतूनच झटका देतं. आयसीडीचा कान पेसमेकरपेक्षा कितीतरी तिखट असतो, कारण थरथरणाऱ्या हृदयाची वीज क्षीण असते आणि ती चुकवून चालत नाही. शिवाय अशक्य वेग ऐकून पेसमेकर 'गोंगाट' म्हणतो, तेव्हा आयसीडी म्हणू शकतो, 'हृदय थरथरतंय'. मग तो भार साठवू लागतो आणि काही सेकंदांत, शुद्धीत असलेल्या, चहा पीत बसलेल्या माणसाला शेकडो व्होल्टचा झटका बसतो. ज्यांनी तो अनुभवला आहे ते त्याला छातीत घोड्याने लाथ मारल्यासारखं म्हणतात. दुखण्यावर कातडीवरून वीज देणाऱ्या टेन्स यंत्रामुळे असे अकारण झटके बसल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळे आयसीडी असलेल्याने गुडघेदुखीसाठी टेन्सची गादी परस्पर विकत आणून लावू नये, आधी हृदयरोगतज्ज्ञाला विचारावं.

उलट दिशेनेही घडतं. आयसीडीने झटका दिला की ती वीज नसांच्या यंत्रातही शिरते. २००० साली बेल्जियममधल्या डॉक्टरांनी कंपवाताच्या अशा एका पेशंटची हकीकत छापली: झटक्यानंतर त्याचे मेंदूचे स्टिम्युलेटर आपोआप बंद झाले होते. हृदय वाचलं आणि त्याच क्षणी शरीर ताठरलं, असं हे दुहेरी संकट आहे. अशा घरातल्या माणसांनी मेंदूचं यंत्र पुन्हा चालू करायला शिकून घेतलेलंच बरं.

चुंबकाचाही एक फेरा आहे. बहुतेक पेसमेकरवर चुंबक धरला की ते ऐकणं थांबवतात आणि ठरलेल्या गतीने ठोके देतात. आयसीडीवर धरला तर बहुधा झटका देणं थांबतं. जुन्या पिढीचे स्टिम्युलेटर चालू-बंद करायला पेशंटला हातात चुंबकच दिलेला असे. म्हणजे एका यंत्राची किल्ली दुसऱ्या यंत्रालाही लागत होती. २०२१ मध्ये अमेरिकन डॉक्टरांनी दाखवून दिलं की मागे चुंबकाचं वर्तुळ असलेला नवा आयफोन छातीवर ठेवला तर आयसीडीचं काम थांबू शकतं. शर्टाच्या डाव्या खिशात मोबाइल ठेवायची आपली जुनी सवय इथे मोडायलाच हवी. हृदयाच्या आतच बसणाऱ्या, तार नसलेल्या मायक्रा या कॅप्सूलएवढ्या पेसमेकरला मात्र चुंबकाची जाणीवच नसते. 'पेसमेकर म्हणजे चुंबक धरला की झालं' हा जुना ठोकताळा तिथे लागू पडत नाही.

व्हेगस नसेची गोष्ट वेगळी, कारण ती नस स्वतःच हृदयाशी बोलते. मिरगीवर १९९७ पासून अमेरिकेत मान्यता असलेलं हे यंत्र जवळजवळ नेहमी मानेच्या डाव्या बाजूच्या व्हेगसवर बसवतात. उजवी व्हेगस हृदयाच्या नैसर्गिक पेसमेकरवर, म्हणजे साइनस नोडवर, जास्त हुकमत चालवते आणि तिला डिवचलं तर हृदय मंदावू शकतं. डावीकडेही शस्त्रक्रियेच्या टेबलावर पहिली चाचणी घेताना हृदय क्षणभर थांबल्याच्या तुरळक घटना आहेत. इथे दोन यंत्रांचा झगडा होत नाही, एक यंत्र थेट हृदयाच्याच कारभारात हात घालतं.

हे सगळं वाचून दोन यंत्रांच्या जोडीचीच भीती वाटेल. पण एक भयंकर दुर्घटना घडली ती तिसऱ्याच ठिकाणी, वेदनेवर शेक देताना. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या हकीकतीत मेंदूत इलेक्ट्रोड असलेल्या एका कंपवाताच्या पेशंटला दात काढल्यानंतर जबड्यावर डायथर्मी, म्हणजे रेडिओलहरींचा शेक, दिला गेला. तारेने त्या लहरी झेलल्या, इलेक्ट्रोडच्या टोकाशी मेंदू भाजला, आणि पेशंटला कायमची गंभीर इजा झाली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २००२ मध्ये सर्वांना सावध केलं: अशा तारा शरीरात असतील तर, यंत्र बंद असलं तरी, शॉर्टवेव्ह आणि मायक्रोवेव्ह डायथर्मी कुठल्याही भागावर वापरायची नाही. आपल्याकडे गल्लोगल्लीच्या फिजिओथेरपी केंद्रांत शॉर्टवेव्हचा शेक ही रोजची बाब आहे. मान धरली, कंबर धरली की माणूस शेक घ्यायला जातो. पडद्याआड जाण्यापूर्वी 'शरीरात कुठलं यंत्र किंवा तार आहे का?' हा प्रश्न प्रत्येकाला विचारलाच पाहिजे, आणि विचारला नाही तर पेशंटने स्वतःहून सांगितलं पाहिजे.

जिथे काळजीने काम होतं तिथे दुसरं यंत्र बसवण्याच्या दिवशी शस्त्रक्रियागृहात दोन प्रोग्रॅमर असतात, दोन तंत्रज्ञ असतात. पहिल्या यंत्राच्या शक्य तितकी विरुद्ध बाजू दुसऱ्यासाठी निवडतात: पेसमेकर डाव्या छातीत असेल तर डीबीएसची डबी उजवीकडे किंवा पोटात, मज्जारज्जूची डबी पोटात नाहीतर कुल्ल्यावर. रक्तस्राव थांबवायची कॉटरीही शक्यतो द्विध्रुवी वापरतात. मग खरी परीक्षा सुरू होते. पेसमेकरचा कान मुद्दाम जास्तीत जास्त तिखट करतात, स्टिम्युलेटरची वीज पेशंटला रोज लागेल त्याहून वर चढवतात, आणि पडद्यावर पेसमेकरला काय ऐकू येतंय ते पाहतात. सगळ्यांत वाईट परिस्थितीत गैरसमज झाला नाही, तर रोजच्या परिस्थितीत होण्याची शक्यता फार कमी. हीच परीक्षा पुढे प्रत्येक वेळी सेटिंग बदललं की पुन्हा द्यावी लागते, आणि ते सहसा विसरलं जातं. न्यूरॉलॉजिस्टने कंप वाढला म्हणून डीबीएस द्विध्रुवीवरून एकध्रुवीवर नेला, तर छातीतल्या डबीपासून मेंदूपर्यंतचं सारं शरीर त्या सर्किटचा भाग होतं, आणि हृदयाच्या डॉक्टरांना याची वार्ताही नसते. जिल्ह्याच्या गावी पेसमेकर आणि पुण्या-मुंबईला डीबीएस झालेल्या माणसाचे दोन डॉक्टर एकमेकांना कधी भेटलेलेही नसतात. मग फायलींची पिशवी आणि पाकिटातली दोन कार्डं हाच त्यांच्यातला दुवा. एमआरआय काढायची वेळ आली तर दोन्ही यंत्रांच्या अटी, शिवाय तारांच्या अटी, एकाच वेळी पाळल्या जायला हव्यात. एकाचं कार्ड 'एमआरआय चालेल' म्हणतंय, एवढ्याने भागत नाही. विमानतळाच्या, मॉलच्या किंवा मोठ्या देवळाच्या दारातल्या तपासणी-कमानीतून न रेंगाळता चालत जावं, आणि चार्ज करायच्या स्टिम्युलेटरची चकती पेसमेकरवरून फिरवू नये.

अशा माणसाचा साधा ईसीजी काढणंही सोपं नसतं. डीबीएस चालू असेल, विशेषतः एकध्रुवी असेल, तर कागदावर रेघेऐवजी दाट गवत उगवल्यासारखं दिसतं आणि हृदयाच्या लाटा त्यात बुडून जातात. तंत्रज्ञ यंत्र बंद करायला सांगतो. बंद केलं की काही क्षणांत हात थरथरू लागतात. कंपवाताचा कंप सेकंदाला चार ते सहा वेळा होतो, म्हणजे मिनिटाला तीनशेच्या आसपास, आणि हृदयाच्या वरच्या कप्प्यातला फ्लटर नावाचा आजारही जवळपास त्याच वेगाने कागदावर उमटतो. हाताच्या कंपाला हृदयाचा आजार समजून उपचार सुरू व्हायला एवढं साम्य पुरेसं असतं. जाणता तंत्रज्ञ अशा वेळी चिकटपट्ट्या मनगटावरून काढून खांद्यांजवळ आणि कमरेशी लावतो, पेशंटला दोन्ही तळवे स्वतःच्या अंगाखाली दाबून निजायला सांगतो, आणि हात शांत झालेत असं दिसलं की बटण दाबतो.